मदत हवी आहे: 'द वॉर इलस्ट्रेटेड'चे जुने खंड पुन्हा बांधून घेऊ का? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात लक्ष्मीपुरीत एका रद्दीवाल्याकडे 'द वॉर इलस्ट्रेटेड'चे बांधीव खंड सापडले. दुसऱ्या महायुद्धातलं लंडनचं सचित्र साप्ताहिक, संपादक सर जॉन हॅमर्टन. सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झालं, मधे पाक्षिक झालं, एप्रिल १९४७ मध्ये बंद पडलं. एकूण १० खंड, त्यातले ९ मिळाले. चौथा नाही. रद्दीवाल्यानं किलोवर दिले. चामड्याच्या पाठींमुळं वजन चांगलं भरलं म्हणून तोही खूश.

माझा जीव पहिल्या खंडात अडकलाय. त्याची सुरुवातच पोलंडवरच्या हल्ल्यानं होते. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. आजी त्यांच्या गोष्टी सांगायची, पण ते इथवर कशामुळं आले हे तिला माहीत नव्हतं. या पानांत त्याची पहिली बातमी आहे.

आता अडचण. कणे सुटलेत. चामड्याची तांबूस भुकटी हाताला लागते. दोन खंडांत कसर दिसली. बाइंडर म्हणतो, "तिन्ही बाजूंनी कटिंग मारतो, रेक्झिन घालतो, नवंकोरं करून देतो." कटिंग म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. समास आधीच एवढासा आहे. काय करू? आणि अंक पुरे आहेत की नाहीत, कसं तपासायचं?

– पंचगंगाकाठ

जुनीपानं: कटिंग अजिबात नको. एकदा समास गेला की परत येत नाही, पुढच्या बांधणीला जागा उरत नाही आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही उतरते. पानं सुटली नसतील तर आतली शिवण तशीच ठेवून फक्त पाठ नवी करून घ्या. खळ वापरायला सांगा, फेविकॉल नको; तो पुढं काढता येत नाही. चामड्याला तेल तर मुळीच चोळू नका, डाग आत उतरतात. पाठीला आम्लरहित कागदाचं वेष्टन घाला, भुकटी पानांवर येणार नाही.

पूर्णता तपासायला अंकांवर जाऊ नका. पृष्ठक्रमांक खंडभर सलग असतात, तेच मोजा.

बोरूबहाद्दर: कसरीला डांबरगोळ्या पुरत नाहीत. खंड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर दव पानांवर धरतं. आणि तळमजल्यावर राहत असाल तर खंड वरच्या फळीवर हलवा. २०१९ चा पूर विसरला नसाल.

पंचगंगाकाठ: विसरतोय कसला, आमच्या गल्लीत तेव्हा कमरेइतकं पाणी होतं. बाइंडरला निरोप दिला, कटिंग नाही. जरा नाराज झाला, "मग जुनंच दिसणार की" म्हणाला. खंड मोठे आहेत, आमच्या फ्रीजरमध्ये एका वेळी एकच मावेल, तोही आईनं साठवलेले मटार हलवले तर. चौथा खंड कुणाच्या नजरेस पडला तर कळवा, मात्र कटिंग न केलेलाच.