मदत हवी आहे: पिल्लू येतंय, बागेतली कोणती झाडं काढावी लागतील?

हिरवाई:
लॅब्राडोरचं तीन महिन्यांचं पिल्लू येतंय. बागेत कण्हेर, सायकस, अडेनियम, मनीप्लांट, डिफेनबॅकिया, कोरफड, मोगरा, तुळस आणि अरेका पाम आहे. काय काढायलाच हवं आणि काय उंचावर टांगलं तर चालेल?

मातीचे पाय:
सायकस आधी काढा, कुंडीत असला तरी. सगळं झाड विषारी आहे, बिया सर्वांत जास्त; एक-दोन बियांनीही कुत्रा दगावू शकतो. उलट्या थांबल्या की आपण निर्धास्त होतो आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होत असल्याचं कळतं. अरेकाचा धोका नाही. गल्लत होत असेल तर पान चाचपून पाहा: सायकसचं कडक आणि टोचणारं, अरेकाचं मऊ.

कण्हेर आणि अडेनियमचं विष हृदयाचे ठोके बिघडवतं. दोन्ही काढा. कण्हेरीची वाळलेली पानंही विषारीच असतात, म्हणून खालचा पाचोळा वेचून घ्या. फांद्या जाळू नका, धूरही घातक असतो.

मनीप्लांट आणि डिफेनबॅकियात सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, पिल्लू पंजाने तोंड घासतं. सहसा जिवावर बेतत नाही. टांगा, पण वेल खाली लोंबू देऊ नका. कोरफडीच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाने उलट्या-जुलाब होतात, तीही वर ठेवा. मोगरा, तुळस राहू द्या.

रानपाखरू:
खत कोणतं घालता? एरंडी पेंड असेल तर झाडांइतकंच तिच्याकडे लक्ष द्या. कुत्री ती उकरून खातात, हाडांचा चुरा मिसळलेला असला तर हमखास. पेंड करताना एरंडीच्या बियांतलं रिसिन हे विष पुरतं नष्ट झालं नसेल तर विषबाधा होते आणि लक्षणं दिसायला दोन दिवसही लागू शकतात.

हिरवाई:
पेंडच घालते! आजपासून बंद. काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू का?

मातीचे पाय:
मीठ अजिबात नको. रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. हायड्रोजन पेरॉक्साइडही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. गुंगीत किंवा झटके येत असताना उलटी करवली तर ती फुप्फुसात जाते.

तोंडातले तुकडे बोटाने काढा, उरलेलं पान किंवा बी पिशवीत घ्या आणि लगेच पशुवैद्यांना फोन करा. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता आणि पिल्लाचं वजन किती, एवढं सांगा. पोटातलं विष उलटीने काढायला साधारण पहिले दोन तासच मिळतात, त्यामुळे लक्षणांची वाट पाहू नका. डिफेनबॅकिया चावला असेल तर उलटी नकोच. गार पाण्याने तोंड धुवा, चमचाभर दही चाटवा. घसा सुजून श्वास घरघरत असेल तर काही न भरवता थेट दवाखाना गाठा.

रानपाखरू:
पेंड घातलेल्या कुंड्यांतली वरची चार बोटं माती पिल्लू यायच्या आधी काढून टाका. उरलेलं पोतं झाकणाच्या डब्यात, कडी लागणाऱ्या कपाटात.