जेनिटल हर्पीसला ए६० की बी००? क्यूएने एरर मारलाय

हिंजवडीची_होमिओपॅथ:
नमस्कार मंडळी, बीएचएमएस केलंय पण दवाखाना काही चालला नाही म्हणून हिंजवडीत यूएस मेडिकल कोडिंगला लागलेय, म्हणजे अमेरिकन पेशंटच्या चार्टमधल्या आजाराला आयसीडी-१० यादीतला कोड द्यायचा, चौथा महिना. परवा ओपीडीचा एक चार्ट आला, बाईला व्हल्व्हावर (योनीच्या बाहेरच्या भागावर) फोड आणि अल्सर, पीसीआर टेस्टमध्ये एचएसव्ही-१, म्हणजे हर्पीस व्हायरस टाइप १, पॉझिटिव्ह, डॉक्टरांनी जेनिटल हर्पीस असं स्पष्ट लिहिलंय. मला वाटलं टाइप १ म्हणजे ओठावरचा, एसटीडीवाला टाइप २, म्हणून साध्या हर्पीसचा बी००.९ टाकून मोकळी झाले, जेनिटलचा ए६० नाही. क्यूएने, म्हणजे आमचे कोड तपासणाऱ्याने, एरर मारला आणि कारण काय तर ‘गाइडलाइन वाचा’. अहो पण कुठली?? दुसऱ्या चार्टवर ‘रूल आउट हर्पीस’ (हर्पीस आहे का ते तपासायचंय) होतं तिथे ए६०.९ दिला, तोही चुकला म्हणे. टीम लीडला विचारायची आता लाज वाटते.

कोथरूडकर_कोडर:
अगं टाइप बघूच नकोस, जागा बघ. टाइप १ सुद्धा खाली होतो, ओरल सेक्समधून, आणि ए६० मध्ये १ की २ असा फरकच केलेला नाही. तुझा चार्ट सरळ ए६०.०४, व्हल्व्हा आणि व्हजायना दोन्ही त्यातच. सर्विक्स (गर्भाशयाचं तोंड) असेल तर ए६०.०३, पेनिस ए६०.०१, गुदद्वाराभोवतीची कातडी किंवा रेक्टम ए६०.१. टॅब्युलर, म्हणजे कोडची क्रमवार यादी उघड, बी०० च्या खाली एक्सक्लूड्स २ मध्ये ए६० लिहिलेलंच आहे. आता २ आहे, १ नाही, म्हणजे दोन्ही आजार असले तर दोन्ही कोड एकत्र चालतात; त्याच बाईला ओठावरही फोड असते तर बी००.१ सोबत देता आला असता, नवीन पोरं इथे हमखास गंडतात. आमचं आधीच्या आयसीडी-९ यादीत ०५४.१० मारून चालून जायचं, ऑक्टोबर २०१५ पासून ते लाड बंद.

सीपीसी_पास_एकदाची:
रूल आउटचं सांगते. ओपीडीत ‘सस्पेक्टेड’, ‘प्रोबेबल’, ‘रूल आउट’ असलं काही असेल तर तो आजार कोड करायचा नाही, जे दिसतंय ते करायचं. म्हणजे पुरुषाला पेनिसवर नुसता अल्सर असेल तर एन४८.५, बाईला व्हल्व्हावर असेल तर एन७६.६. अॅडमिट पेशंटला डिस्चार्जच्या वेळी ‘प्रोबेबल’ लिहिलं असेल तर मात्र आहे असं धरून कोड करतात, हे दोन्ही नियम डोक्यात एकत्र करू नकोस ताई. बाकी एरर मारून कारण न लिहिणारे क्यूए सगळीकडेच असतात.

सदाशिवपेठी:
आमच्याकडे एका नवीन मुलाने घरी हर्पीस म्हणजे नागीण असं ऐकलेलं, त्याने जेनिटलला बी०२ लावला. नागीण म्हणजे झोस्टर, कांजिण्यांचा व्हायरस, त्याचा एसटीडीशी काडीचा संबंध नाही!

कोथरूडकर_कोडर:
आणि हो, पेशंट प्रेग्नंट नाहीये ना? एकदा बघून घे.

हिंजवडीची_होमिओपॅथ:
अरे देवा. आत्ता चार्ट उघडला, एचपीआयच्या (आजाराच्या हकिकतीच्या) दुसऱ्या ओळीत २२ आठवड्यांची प्रेग्नंट लिहिलंय. आणि क्यूएने करेक्शनमध्ये नुसता ए६०.०४ दिलाय!

कोथरूडकर_कोडर:
मग चुकले दोघंही. पहिला प्रेग्नन्सीतल्या एसटीडीचा ओ९८.३१२, दुसरी तिमाही, त्याच्यामागे ए६०.०४, शेवटी आठवड्यांचा झेड३ए.२२. डिस्प्यूट टाक, पण ‘गाइडलाइन वाचा’ असं लिहू नकोस बाई, एचपीआयमधली ती २२ आठवड्यांची ओळ चिकटव.