मदत हवी आहे : पत्रिकेत ‘मौलाना’ लिहावे की ‘मुफ्ती’?

भुसावळच्या आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी दोन मुस्लिम धर्मविद्वानांची नावे मराठी निमंत्रणपत्रिकेत छापायची आहेत. दोघांनीही दर्स-ए-निजामी हा मदरशांतील धार्मिक अभ्यासक्रम पूर्ण केला असून, त्यांपैकी एकाने पुढे इफ्ताचे, म्हणजे फतवा देण्याचे, स्वतंत्र शिक्षण घेतले आहे. हा अभ्यासक्रम पूर्ण करून आलिम, म्हणजे धर्मविद्वान, झालेल्यास ‘मौलाना’ आणि इफ्ता केलेल्यास ‘मुफ्ती’ म्हणतात, हे ठाऊक आहे; हसरत मोहानी व अबुल कलाम आझाद यांच्यामुळे पहिली उपाधी तर सर्वांच्याच परिचयाची आहे. प्रश्न असा, की मुफ्तींच्या नावाआधी ‘मौलाना’ही लिहावे काय, आणि या उपाधींबरोबर ‘श्री.’ जोडणे योग्य ठरेल काय? आमच्याकडे बोलताना सरसकट ‘मौलवीसाहेब’ म्हणतात, पण छापील मजकुरात ते मला मोघम वाटते. पत्रिका लवकरच छापखान्यात जाणार असल्याने जाणकारांनी कृपया कळवावे.