छोट्या डिस्टिलरीने पहिल्या दिवसापासून स्वतःचंच स्पिरिट गाळावं का?

हिशेबी
छोटी डिस्टिलरी काढायचं म्हटलं की डोळ्यांसमोर आधी तांब्याचा चकचकीत पॉट स्टिल, म्हणजे गाळायचं भांडं, येतो आणि निम्मं भांडवल तिथेच जातं. माझं मत स्पष्ट आहे. पहिली दोन-तीन वर्षं ९६ टक्के अल्कोहोलचं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे स्वतःची चव नसलेलं तयार स्पिरिट, बाहेरून घ्या, त्यावर जिन करा आणि विका. धान्य भरडणं, शिजवणं, आंबवणं नंतर बघू.

हिशेब मांडून बघा. हजार लिटर वॉश, म्हणजे गाळण्याआधीचं आंबवलेलं पाणी, ८ टक्क्यांपर्यंत आंबला तर त्यात शुद्ध अल्कोहोल ८० लिटर. हेड्स-टेल्स, म्हणजे पहिली आणि शेवटची धार, बाजूला काढून त्यातलं सत्तर टक्के हार्ट्समध्ये, म्हणजे मधल्या चांगल्या धारेत, हाती आलं तर ५६ लिटर. ते ४० टक्क्यांवर आणलं की १४० लिटर, म्हणजे ७०० मिलिलिटरच्या २०० बाटल्या. एवढ्यासाठी दळण, मॅश (धान्य गरम पाण्यात शिजवणं), चार-पाच दिवसांचं आंबवण आणि वर दोनदा भट्टी लावायची. तेवढंच अल्कोहोल न्यूट्रल स्पिरिट म्हणून साठ लिटरच्या एका पिंपात मावतं. जुनिपर (जिनला वास देणारं फळ) आणि धणे त्यात रात्रभर भिजवले, सकाळी स्टिल तापवला की संध्याकाळपर्यंत जिनची धार हातात.

व्हिस्कीला तर स्कॉचच्या कायद्याप्रमाणे किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात काढावी लागतात. तोवर भाडं, पगार आणि व्याज कोण भरणार? सिपस्मिथ या जिन कंपनीने २००९ मध्ये लंडनमध्ये सुरुवात केली ती छोट्या तांब्याच्या स्टिलवर, विकत घेतलेल्या न्यूट्रल स्पिरिटपासूनच. त्यांना कारागीर न म्हणायची कुणाची हिंमत आहे?

तांबट
साफ असहमत. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो दुकानदारीचा आहे. चव ठरते ती आंबवणात. कोणतं यीस्ट घातलं, वॉश किती तापला, तीन दिवसांत उरकला की पाच दिवस शांतपणे चालू दिला, यावर फळासारखे, फुलासारखे वास येतात की नाही हे ठरतं. तांब्याचं काम त्यानंतरचं. गंधकाचे उग्र वास ते धरून ठेवतं. न्यूट्रल स्पिरिटमध्ये यातलं काहीच उरलेलं नसतं, ते काढून टाकूनच तर ते न्यूट्रल होतं.

दुसरं म्हणजे शिकण्याचं. तीन वर्षं जिन करून मग व्हिस्कीकडे वळणार, म्हणजे पहिली व्हिस्की सहाव्या वर्षी. आणि ती गाळणारा माणूस तेव्हाही नवशिकाच, कारण स्वच्छ स्पिरिटवर जिन करताना वॉशमधले हेड्स कुठे संपतात, टेल्सचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास कुठे सुरू होतो, हे नाकाला कधी कळलेलंच नसतं.

योर्ग रुप्फ यांनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सेंट जॉर्ज स्पिरिट्स सुरू केली ती फळं स्वतः आंबवून, त्यांची ब्रँडी गाळून. स्वतः गाळायचं म्हणजे पिंपात तीन वर्षं थांबायचंच, असा तुमच्या बोलण्याचा सूर आहे, तो तिथेच खोटा पडतो.

हिशेबी
फळांची ब्रँडी म्हणजे फळांचा हंगाम, नासाडी आणि वर्षभराचं खरेदीचं भांडवल एकाच महिन्यात. नाक तयार होईपर्यंत बँक थांबत नाही, तांबट. उत्तम स्पिरिट गाळणारी माणसं माल पिंपात असतानाच रोख संपल्यामुळे बंद पडतात, माझा सगळा मुद्दा तेवढाच आहे.

कोठार
मधला मार्ग म्हणून हमखास सुचवलं जातं ते २० लिटरचं छोटं पिंप, ‘सहा महिन्यांत व्हिस्की’. या नादाला लागू नका. २०० लिटरच्या पिंपाशी तुलना केली तर २० लिटरच्या पिंपात लिटरमागे लाकडाचा स्पर्श दुपटीहून जास्त. त्यामुळे रंग आणि ओकचा तुरटपणा भराभर उतरतो, पण हवेशी होणारी संथ प्रक्रिया आणि एस्टर, म्हणजे फळासारखा वास देणारे घटक, जमणं यांना काळच लागतो. हाती येतं ते लाकडाचं पाणी लागलेलं कोवळं स्पिरिट. शिवाय उडूनही जास्त जातं. मोठ्या पिंपातून थंड हवेत वर्षाला साधारण २ टक्के जातात, उष्ण कोरड्या हवेत त्याच्या कितीतरी पट. हा तोटा हिशेबात धरायला लोक विसरतात. शक्य असेल तर दर महिन्याला एकच पिंप भरा, पण ते पूर्ण मापाचं भरा.

निचरा
वाद चांगला चाललाय, पण मळीचं, म्हणजे गाळून झाल्यावर स्टिलमध्ये उरणाऱ्या पाण्याचं काय? हिशेबींच्याच उदाहरणात हजार लिटर वॉशमधून स्टिलच्या तळाशी सातशे-आठशे लिटर उरतं. बाटलीमागे जवळजवळ चार लिटर. ते गरम असतं, आंबट असतं, आणि त्याची ऑक्सिजनची मागणी (कुजताना ते पाण्यातला किती ऑक्सिजन खातं ते) लिटरला वीस-तीस हजार मिलिग्रॅमपर्यंत सहज जाते. घरगुती सांडपाण्याची असते दोन-तीनशे. हे गटारात सोडायची परवानगी मिळेल असं गृहीत धरून जागा घेऊ नका. जागेचा करार करण्याआधी सांडपाण्याचं उत्तर कागदावर घ्या.

जनावरांना खाऊ घालू, असं बरेच जण म्हणतात. गाईगुरांना मोजून चालतं. पण तांब्याच्या स्टिलमधून आलेल्या मळीत तांबं उतरलेलं असू शकतं आणि मेंढ्यांना तांबं फार लवकर बाधतं. मेंढपाळाला देताना हे सांगितलंच पाहिजे.

या एका मुद्द्यावर मी हिशेबींच्या बाजूने आहे. न्यूट्रल स्पिरिटवर काम केलं की मळी जवळजवळ नाहीच.

ठिणगी
आणि या एका मुद्द्यावर मी त्यांच्या विरोधात! वॉशची टाकी पेट घेत नाही. ९६ टक्क्यांचं स्पिरिट साठवायला घेतलंत की गोदामच ज्वालाग्राही होतं. शुद्ध इथेनॉलची वाफ साधारण १३ ते १७ अंशांनाच पेटण्याइतकी जमते, म्हणजे खोलीच्या तापमानाला धोका कायमच. पाणी घालून ४० टक्के केलं तरी ही मर्यादा २६ अंशांच्या आसपासच येते. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून हवा खेचणारा पंखा छताजवळ लावून भागत नाही, तळाशीही हवा खेळती हवी. एका पिंपातून दुसऱ्यात ओतताना दोन्ही पिंपं आणि पंप अर्थ केलेले, म्हणजे तारेने जमिनीशी जोडलेले असावेत, मोटर ठिणगी बाहेर न पडणारी, स्फोटरोधक असावी. उजेडात इथेनॉलची ज्योत दिसतही नाही, हे प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी सांगा. ‘सोपा मार्ग’ म्हणताना हा खर्च धरलाय का?

हिशेबी
धरलाय. पंखे आणि अर्थिंग स्वतः गाळलं तरी लागतंच, कारण हार्ट्सही सत्तर टक्क्यांच्या वर निघतात. पण साठा कमी ठेवा, महिन्याला लागेल तेवढंच मागवा, हे मला मान्य आहे.

मोजमाप
मला दोघांपेक्षा लेबलची चिंता आहे. बाहेरचं स्पिरिट घेणं लबाडी नाही, ते लपवणं लबाडी आहे. अमेरिकेत टेम्पलटन राय या ब्रँडची व्हिस्की आयोवातली म्हणून खपत होती, गाळलेली होती इंडियानातल्या मोठ्या कारखान्यात. ग्राहकांनी दावे लावले आणि २०१५ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. ‘विकत घेतलेल्या धान्याच्या स्पिरिटवर आमच्या स्टिलमध्ये पुन्हा गाळलेली’ एवढं वाक्य बाटलीवर मावतं.

आणि कृपा करून अल्कोहोलमीटर, म्हणजे स्पिरिटची टक्केवारी मोजणारी तरंगती नळी, तापमान पाहून वाचा. तो २० अंशांसाठी बनवलेला असतो. ३० अंशांच्या स्पिरिटमध्ये बुडवला तर तीन-चार टक्के जास्तच दाखवतो. त्या आकड्यावर पाणी घालून बाटल्या भरल्यात तर आतला माल लेबलपेक्षा कमी कडक, आणि कर भरताना आकडे जुळत नाहीत. पाणी हळूहळू, दोन-तीन दिवसांत घाला. अर्धा लिटर स्पिरिट आणि अर्धा लिटर पाणी मिळून पूर्ण लिटर होत नाही, तीस-चाळीस मिलिलिटर कमीच भरतं.

नवखा_गाळणारा
पण पहिली धार फेकली की मिथेनॉल गेलं, मग स्वतः गाळायला एवढं घाबरायचं कशाला?

तांबट
मी स्वतः गाळण्याच्या बाजूचा, पण हे चुकीचं आहे आणि धोक्याचंही. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, इथेनॉल ७८.४ ला, म्हणून ते आधी निघून जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात पाणी मिसळलेलं असताना पॉट स्टिलमध्ये ते धारेत शेवटपर्यंत थोडंथोडं येत राहतं. सुरुवातीला फेकतो ते मुख्यतः अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेट, नेलपॉलिश रिमूव्हरसारख्या वासाचं. धान्याच्या वॉशमध्ये मिथेनॉल मुळातच नगण्य. फळांमध्ये पेक्टिनमुळे (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) वाढतं, तिथे प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासून घ्या.

धार कुठे तोडायची ते थर्मामीटरवर सोडू नका. कटच्या, म्हणजे हेड्स संपून हार्ट्स आणि हार्ट्स संपून टेल्स सुरू होतात त्या जागांच्या, आसपासची धार लहान बाटल्यांत क्रमाने धरा, तोंडं फडक्याने झाकून रात्रभर ठेवा. सकाळी प्रत्येकीतलं थोडं पाणी घालून वीसेक टक्क्यांवर आणा आणि मधल्या बाटलीपासून दोन्ही कडांकडे हुंगत जा. कुठे थांबायचं ते नाकच सांगतं. शंका आली ती बाटली पुढच्या भट्टीत.

म्हणूनच हिशेबी, जिन विका, पण महिन्यातून एक भट्टी तरी स्वतःच्या वॉशची लावा.

हिशेबी
त्या एका भट्टीसाठी मॅश टन (धान्य शिजवायची टाकी), आंबवणाच्या टाक्या, बॉयलर घ्यायचा? नाही. जवळच्या ब्रुअरीकडून, म्हणजे बिअरच्या कारखान्याकडून, वॉश करून घ्या. त्यांच्याकडे सगळं आहे आणि टाक्या अधूनमधून रिकाम्या असतात.

तांबट
चालेल. फक्त हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालू नका असं लेखी द्या, आणि यीस्ट तुमचं तुम्ही निवडा. ते त्यांच्यावर सोडलंत तर पुन्हा दुसऱ्याचीच चव गाळाल.