नियतकालिकांच्या सूचीत नेमके काय नोंदवावे?

तिसरा रविवार (प्रश्न):

नमस्कार. दादरला महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आम्ही नऊ-दहा जण एकमेकांचे लेखन ऐकण्यासाठी जमतो. बहुतेक नोकरदार, दोघे निवृत्त, एक जण अजून कॉलेजात. कथा किंवा कविता पुरी झाली की ती कोणाकडे पाठवावी हा प्रश्न दर वेळी निघतो आणि दर वेळी तीच चार नावे घेतली जातात. म्हणून गेल्या दिवाळीनंतर असे ठरले की, प्रत्येकाने स्वतंत्र शोधाशोध करण्यापेक्षा मराठी वाङ्मयीन नियतकालिकांची एक सामायिक सूची करावी. काम माझ्या वाट्याला आले. चार महिन्यांत मी ६१ नावांचा तक्ता तयार केला: नियतकालिकाचे नाव, संपादक, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल असे पाच रकाने, सारे अकारविल्हे. दिसायला तक्ता फार नेटका आहे.

वापरायला घेतल्यावर मात्र पितळ उघडे पडले. आमच्यातील एका बाईंनी त्यातून निवडलेल्या मासिकाकडे कथा पाठवली, दोन महिने पोच आली नाही म्हणून फोन केला, तेव्हा संपादकांच्या मुलाने सांगितले की वडील गेले आणि अंक तीन वर्षांपूर्वीच थांबला. दुसऱ्या एकाने हस्तलिखित ज्या पत्त्यावर धाडले तो छापखान्याचा निघाला. तिसरा प्रमाद माझा स्वतःचा. एकच कविता मी दोन ठिकाणी पाठवली होती, कुठूनच काही कळले नाही म्हणून विसरून गेलो, आणि ती एकाच महिन्यात दोन्हीकडे छापून आली. त्यांपैकी एका संपादकांचे पत्र आले. ते अत्यंत सभ्य भाषेत होते, त्यामुळे अधिकच लागले.

सूचीत कोणते रकाने असावेत, नावे अकारविल्हे लावावीत की वाङ्मयप्रकारानुसार, माहिती कशावरून पडताळावी आणि मानधनाचा उल्लेख करावा की नाही, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. मुंबईत प्रत्यक्ष जाऊन अंक चाळता येतील अशा जागा सुचवल्यास रविवार सत्कारणी लावू.

जुना मुद्रितशोधक:

आपल्या तक्त्यात एकही तारीख नाही, आणि मला तोच त्यातील मूळ दोष वाटतो. पाचही रकान्यांतील मजकूर कधी ना कधी खरा असणारच; तो केव्हा खरा होता एवढेच कळत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती म्हणजे प्रत्येक नोंदीपुढे ‘कशावरून’ आणि ‘केव्हा पाहिले’ असे दोन रकाने घालावेत. जानेवारीचा अंक हातात घेऊन उतरवलेला पत्ता आणि कुणाच्या तरी जुन्या वहीतून आलेला पत्ता यांची योग्यता सारखी नसते, पण तक्त्यात दोन्ही एकाच वळणाच्या अक्षरांत शेजारी बसतात आणि वाचणारा फसतो.

मी गिरगावातील एका छापखान्यात २६ वर्षे मुद्रिते तपासली. त्या सवयीने सांगतो की, नियतकालिकाची माहिती घ्यायची तर मुखपृष्ठ बाजूला ठेवून आधी ती बारीक टायपातली चौकट शोधावी, जिच्यात मुद्रक, प्रकाशक, मालक आणि संपादक यांची नावे व छपाईचे ठिकाण दिलेले असते. ती चौकट कुणी हौसेने छापत नाही. १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची केली होती, आणि त्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. जुन्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ नावाचे एक निवेदनही छापावे लागे, त्यात प्रकाशनकाल, मालकी आणि संपादकाचे नाव-पत्ता असे. त्यामुळे जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातून मार्चचा अंक आधी ओढावा. मासिकाची सगळी कुळकथा एका पानात मिळते. आपल्या स्नेह्यांचे हस्तलिखित छापखान्यात गेले ते बहुधा या चौकटीतील मुद्रकाचा पत्ता उतरवल्यामुळेच. अनेक ठिकाणी संपादकीय पत्रव्यवहाराचा पत्ता एक आणि वर्गणी-जाहिरातींचा दुसरा असतो, तेव्हा सूचीत ‘पत्ता’ असा मोघम रकाना न ठेवता ‘साहित्य पाठवण्याचा पत्ता’ असा ठेवावा आणि तो सापडला नसेल तर रकाना कोरा सोडावा. कोरा रकाना निदान खोटे बोलत नाही.

‘चालू आहे का’ या प्रश्नाला होय-नाही असे उत्तर पुरत नाही. काही मासिके दोन-तीन महिन्यांचे जोडअंक काढून वर्ष भरून काढतात, काहींचा मासिक प्रपंच आटोपलेला असतो पण दिवाळी अंक निघतो. मौज प्रकाशन गृहाचे ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाले, तरी त्याच घराचा ‘मौज’चा दिवाळी अंक पुढेही निघत राहिला, तेव्हा संस्था हयात आहे याचा अर्थ मासिक हयात आहे असा होत नाही. यासाठी ‘प्रत्यक्ष पाहिलेला शेवटचा अंक’ असा रकाना ठेवला तर निर्णय ज्याचा त्याला घेता येतो.

दिवाळी अंकांची तऱ्हा तर पूर्ण वेगळी आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी लेखकाचे वर्ष पंचांगाला बांधले गेले आहे, आणि आपल्या सूचीला हे ठाऊक असले पाहिजे. साहित्य पाठवण्याची अंतिम तारीख ‘अमुक महिन्याची अखेर’ अशी कायमची लिहून ठेवली तर ती पुढच्या वर्षी चुकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला येते. हा अठरा दिवसांचा फरक संपादक, चित्रकार, छापखाना आणि विक्रेता अशा सर्वांच्या वेळापत्रकात उतरतो. म्हणून ‘लक्ष्मीपूजनाआधी किती आठवडे’ अशा भाषेत मुदत नोंदवावी आणि शेजारी ती कोणत्या वर्षीच्या आवाहनावरून घेतली ते लिहावे.

अक्षरवळणाचा, म्हणजे फाँटचा, रकाना विसरू नये. अजूनही काही ठिकाणी जुळणी श्रीलिपी या युनिकोडपेक्षा वेगळ्या, जुन्या टंकप्रणालीत होते आणि आपण युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर तिथे रूपांतरित करताना रफार, जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे यांची जी दैना होते ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. हस्तलिखित चालते का, वर्डची फाईल हवी की पीडीएफ, हे कळले तर लेखकाचे आणि मुद्रितशोधकाचे, दोघांचे आयुष्य वाढते.

परळची पायरी:

जागांबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या दादरलाच आहे आणि नियतकालिके पाहण्यासाठी पहिली पायपीट तिथे करावी. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ आहे. शिवाय घराजवळच्या वाचनालयाकडे दुर्लक्ष करू नये. दिवाळीनंतर बहुतेक वाचनालये वर्गणीदारांना दिवाळी अंकांची वेगळी योजना देतात आणि तीन-चार महिन्यांत एका माणसाला जेवढे अंक विकत घेणे परवडत नाही तेवढे सहज पाहून होतात.

पाहायचे काय, तर अनुक्रमणिका. एकाच नियतकालिकाचे लागोपाठचे चार अंक घ्यावेत आणि लेखकांची नावे एका कागदावर उतरवावीत. चारही अंकांत तीच बारा-पंधरा नावे फिरत असतील तर ते मुख्यतः निमंत्रित साहित्यावर चालते असे धरायला हरकत नाही, मग आत ‘लेखकांनी साहित्य पाठवावे’ असे छापलेले असो वा नसो. दर अंकात तीन-चार अनोळखी नावे दिसली तर दार किलकिले आहे. त्याच बैठकीत एका पानातील शब्द मोजून कथेच्या पानांनी गुणावेत, म्हणजे संपादकांना साधारण किती लांबीची कथा मानवते हेही कळते. ही दोन्ही कामे फोन करून होत नाहीत, कारण फोनवर प्रत्येक संपादक ‘पाठवा की’ असेच म्हणतो.

आमच्याकडे पाच जणांनी प्रत्येकी चार नियतकालिके वाटून घेतली होती. आपण नऊ-दहा जण आहात, तेव्हा एकट्याने ६१ नावे वाहण्याचे कारण नाही.

गिरगावचा वाचक:

सूचीला माझा विरोध नाही, पण ती जितकी सोयीची होईल तितके न वाचता पाठवण्याचे प्रमाण वाढेल अशी भीती वाटते. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी केलेल्या पत्रव्यवहाराबद्दल आजही आदराने बोलले जाते. असे संपादन परवडते तेव्हाच, जेव्हा लिहिणाऱ्यानेही ते मासिक वर्षानुवर्षे वाचलेले असते. आता एकाच ईमेलमध्ये वीस संपादकांचे पत्ते वरच्या ओळीत उघड ठेवून कविता धाडणारे कवी मी पाहिले आहेत, आणि आपल्या तक्त्यातील ईमेलचा रकाना त्यांच्या हाती पडला तर ते साठांना धाडतील.

माझी सूचना अशी की, नावे अकारविल्हे लावू नयेत आणि केवळ वाङ्मयप्रकारानेही लावू नयेत. प्रत्येक नावापुढे आपल्या गटातील कुणी ते वाचले आहे ते लिहावे आणि त्या व्यक्तीने त्याच्या वळणाविषयी चार ओळी लिहाव्यात. धुळ्याहून निघालेले ‘कवितारती’ कवितेला वाहिलेले, गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ दलित साहित्याच्या चळवळीतून उभे राहिलेले, वाईचे ‘नवभारत’ वैचारिक लेखनाचे, बालभारतीचे ‘किशोर’ मुलांसाठीचे: या चारांना ‘मराठी नियतकालिके’ या एका मथळ्याखाली ओळीने बसवले की सूची पूर्ण दिसते आणि लेखकाला काहीच सांगत नाही. ज्याच्यापुढे चार ओळी लिहायला कुणी मिळत नाही ते नाव सूचीत नसले तरी चालेल.

जाता जाता एक गंमत. ‘प्रकाशनकाल’ हा रकाना ठेवलाच तर ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांच्या परंपरेतील अनियतकालिकांचे काय करणार? त्यांनी वेळेवर निघायचेच नाही असे ‘अनियतकालिक’ या नावातच जाहीर केले होते.

हक्क राखीव:

मानधनाविषयी. उल्लेख जरूर करावा, मात्र ‘देतात’ किंवा ‘देत नाहीत’ असा शेरा न मारता ‘आमच्यापैकी अमक्या वर्षी एकाला मिळाले’, ‘अंकाची प्रत मिळाली’, ‘काहीच मिळाले नाही’ असा अनुभव लिहावा. छोटी वाङ्मयीन नियतकालिके बहुधा वर्गणी, थोड्या जाहिराती आणि संपादकाचा खिसा यांवर चालतात. एका वर्षी दिलेले मानधन पुढच्या वर्षी देता येईलच असे नाही, आणि आपला कायमचा शेरा त्यांच्यावर अन्याय करील.

याच रकान्याला लागून हक्कांचा रकाना असावा, कारण त्याविषयी लेखकांमध्ये विलक्षण गैरसमज आहेत. कथा मासिकात छापून आली म्हणून तिचा स्वामित्वहक्क मासिकाचा होत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. तेव्हा एखादे नियतकालिक छापण्यापूर्वी संमतिपत्र भरून मागत असेल तर त्यात काय लिहिले आहे याचा सारांश सूचीत द्यावा. संग्रह काढताना ‘पूर्वप्रसिद्धी’च्या पानावर मासिकाचे ऋण मानणे हा शिष्टाचार आहे आणि तो पाळावाच.

दूरध्वनीबद्दल मात्र माझे मत सक्त आहे. अनेक नियतकालिकांचे ‘कार्यालय’ म्हणजे संपादकांच्या राहत्या घरातील एक टेबल असते. अंकात छापलेला क्रमांक घ्यावा; कुणीतरी खासगीत दिलेला मोबाइल क्रमांक, संबंधितांनी संमती दिल्याशिवाय, सामायिक तक्त्यात मुळीच घालू नये.

तिसरा रविवार:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी आम्ही सहा जणांनी बसून तक्ता पुन्हा तपासला. ६१ पैकी केवळ २३ नावांचा गेल्या वर्षभरातील अंक आमच्यापैकी कुणी प्रत्यक्ष पाहिलेला आहे. ही २३ नावे पहिल्या पानावर ठेवली, ती वाटून घेतली आणि प्रत्येकाने चार ओळींची टिपणे लिहिण्याचे कबूल केले. खासगी क्रमांक काढून टाकले. याशिवाय एक वेगळे पान केले आहे, ज्यात कोणी कोणते लेखन कधी, कुठे पाठवले, पोच कधी आली, स्वीकृती की साभार परत, आणि उत्तर न आल्यास ते मागे घेतल्याचे कधी कळवले याची नोंद होईल. माझ्या कवितेची फटफजिती त्या पानावरील पहिली नोंद आहे.

‘गिरगावचा वाचक’ यांची भीती रास्त असल्यामुळे ईमेलचा रकाना शेवटी नेला आहे; टिपण वाचल्याशिवाय तिथवर जाताच येऊ नये अशी रचना जमते का ते पाहतो. आता एकच शंका उरते. जी नियतकालिके बंद पडल्याची खात्री झाली आहे त्यांची नावे पुसून टाकावीत ना?

जुना मुद्रितशोधक:

पुसू नका. ‘बंद’ असे लिहून शेवटच्या अंकाचा महिना आणि वर्ष घाला, आणि नाव वेगळ्या पानावर जिवंत ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी आपल्यातलाच कुणीतरी फुटपाथवर मिळालेल्या जुन्या अंकावरून ते मोठ्या उत्साहाने पुन्हा भरील, पत्त्यासकट.