लिब्रेऑफिसमधले ठरावीक रंग चार संगणकांवर सारखे कसे ठेवायचे?

गिरगावकर_३२
आमच्या गणेशोत्सव मंडळाचा अहवाल, वर्गणीच्या पावत्या आणि प्रमाणपत्रं चार जण चार संगणकांवर करतात. तिघांकडे विंडोजवर लिब्रेऑफिस आहे, खजिनदारांकडे मायक्रोसॉफ्ट ऑफिस. रंग तीनच ठरलेत: शेंदरी (लाल २२७, हिरवा ७४, निळा ३१), हळदी (२४२, १८१, ०) आणि मरून (१०७, १८, ३४). एका संगणकावर ते 'कस्टम' पॅलेटमध्ये (रंग निवडायच्या यादीत) घातले. तीच फाइल दुसरीकडे उघडली की मजकूर बरोबर रंगात दिसतो, पण पॅलेटमध्ये ते रंग नसतात. मग जो तो अंदाजाने निवडतो आणि पानागणिक शेंदरी बदलतो. प्रत्येकाने आकडे हाताने भरण्यापेक्षा सोपा मार्ग आहे का?

अक्षरजुळणी
आहे. फाइलमध्ये रंगाचा आकडा साठवला जातो, पॅलेट नाही. पॅलेट त्या त्या संगणकावर वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये राहतं.

तातडीची सोय हवी असेल तर पॅलेटच्या यादीत 'डॉक्युमेंट कलर्स' निवडा. त्या फाइलमध्ये वापरलेले सगळे रंग तिथे मिळतात.

कायमची सोय म्हणजे पॅलेटची वेगळी फाइल. नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीत इंग्रजीत 'जिम्प पॅलेट' (GIMP Palette) हे दोन शब्द लिहा, लहान-मोठी अक्षरं नेमकी अशीच. जिम्प हा चित्रांचा प्रोग्राम, त्याच्या पॅलेट फाइलीची हीच पद्धत असते. दुसऱ्या ओळीत इंग्रजीत 'नेम' (Name), कोलन (:) आणि पॅलेटचं नाव. त्याखाली एका ओळीत एक रंग: तीन आकडे, मध्ये जागा, शेवटी रंगाचं नाव. आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी चालत नाहीत. फाइलचं एक्स्टेन्शन (नावाचा शेवट) डॉट जीपीएल (.gpl) ठेवा.

आता विंडोज आणि आर दाबून टक्केच्या दोन चिन्हांमध्ये 'ॲपडेटा' (इंग्रजीत) लिहा. उघडलेल्या फोल्डरमधून लिब्रेऑफिस, ४, यूझर, कॉन्फिग असं आत जा आणि फाइल तिथे टाका. तो ४ बघून गोंधळू नका, नव्या आवृत्त्यांतही फोल्डरचं नाव तेच आहे. लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

गिरगावकर_३२
दोन संगणकांवर जमलं. तिसऱ्यावर फाइल टाकली, पण यादीत नावच येत नाही.

अक्षरजुळणी
बहुतेक वेळा फाइलच्या नावामागे 'डॉट टीएक्सटी' चिकटलेलं असतं आणि विंडोज ते लपवतं. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये एक्स्टेन्शन दाखवायला सांगा आणि तो शेपटीचा भाग काढा. नाहीतर नोटपॅडमध्ये सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा. एन्कोडिंग साधं यूटीएफ-८ ठेवा, 'विथ बीओएम' नको. तो अदृश्य खुणेचा मजकूर पहिल्या ओळीच्या आधी बसतो.

ही फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. लिब्रेऑफिसच्या सेफ मोडमधून संपूर्ण प्रोफाइल रीसेट केलं किंवा विंडोजवर नवा वापरकर्ता केला, तर पॅलेट पुन्हा टाकावं लागतं.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून टाका: पॅलेटमधला रंग बदलला म्हणून जुन्या फाइलींतला रंग बदलत नाही. शीर्षकांना रंग हाताने देऊ नका, परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये द्या. मग पुढच्या वर्षी शेंदरी थोडा गडद करायचा ठरला तर त्या फाइलमध्ये एकाच जागी बदलावा लागेल.

ताळेबंद
खजिनदारांसाठी: ऑफिसमध्ये जीपीएल फाइल चालत नाही. एक्सेलमध्ये पेज लेआउट, कलर्स, कस्टमाइझ कलर्स. तिथे बारा जागा असतात: मजकूर आणि पार्श्वभूमीच्या चार, ॲक्सेंटच्या सहा, लिंकच्या दोन. तुमचे तीन रंग पहिल्या तीन ॲक्सेंटमध्ये बसवा आणि संचाला मंडळाचं नाव द्या. तोच संच त्या संगणकावर वर्ड आणि पॉवरपॉइंटलाही मिळतो.

इथे चूक होते ती कॉपी-पेस्टमध्ये. थीमचा (म्हणजे फाइलच्या या रंगसंचातला) रंग दिलेला असेल तर सोबत 'ॲक्सेंट १' ही जागा जाते, रंग नाही. समोरच्या फाइलची थीम वेगळी असली की शेंदरीचा निळा होतो. पेस्ट करताना 'कीप सोर्स फॉर्मॅटिंग' निवडा.

हिशेब जुन्या एक्सएलएस प्रकारात सेव्ह करू नका. त्यात ५६ रंगांचंच पॅलेट असतं, बाकीचे रंग जवळच्या रंगावर ढकलले जातात.

शाई_आणि_कागद
अहवाल छापायला जाणार, म्हणून शेंदरीबद्दल सांगतो. लिब्रेऑफिसच्या रंगचौकटीतले सीएमवायकेचे (छपाईच्या चार शायांचे) आकडे नुसतं अंकगणित असतं, त्यात कागद-शाईचा विचार नसतो. तुमच्या शेंदरीचे तिथे सायन ०, मॅजेंटा ६७, पिवळा ८६, काळा ११ असे येतील. तो ११ टक्के काळा छापून आला की शेंदरी मळकट दिसतो. छापखान्याला काळा ० ठेवायला सांगा. मॅजेंटा ७५, पिवळा ९५ पासून सुरुवात करून नमुना काढून घ्या.

लिब्रेऑफिसची पीडीएफ आरजीबीमध्येच (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा आकड्यांत) निघते, त्यामुळे हे आकडे छापखान्यातच बदलून घ्यावे लागतील. नमुना ज्या कागदावर छपाई होणार त्यावरच पाहा. गुळगुळीत आर्ट पेपरवर उठून दिसणारा रंग साध्या मॅपलिथो कागदावर बसका येतो, कारण तो कागद शाई जास्त पितो.