मदत हवी आहे : सार्वजनिक आरोग्याचे विखुरलेले कायदे एका अधिनियमात कसे आणावेत?

सप्रेम नमस्कार. मी सोलापुरात वकिली करतो आणि राज्यातील सार्वजनिक आरोग्यविषयक कायद्यांचे एकत्रीकरण या विषयावर एक टिपण तयार करीत आहे.

अडचण आमच्याच जिल्ह्याच्या उदाहरणाने सांगतो. आषाढी वारीच्या काळात दूषित पाण्यामुळे साथ उद्भवली, तर सोलापूर शहरात १९४९ चा महानगरपालिका अधिनियम, पंढरपुरात १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आणि पालखीमार्गावरील गावांत ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेचे कायदे पाहावे लागतात. त्यांवर १८९७ चा साथरोग कायदा, जो मुंबईतील प्लेगच्या धास्तीने घाईने केलेला आणि जेमतेम चार कलमांचा होता. वारकरी एकच, पाणीही तेच, पण जबाबदार अधिकारी मात्र हद्दीगणिक बदलतो! खासगी रुग्णालयांची नोंदणी पुन्हा १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते, ती वेगळीच.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने विधिमंडळाला एकच अधिनियम करता येईल, असे मला वाटते. मद्रास प्रांताने तो १९३९ मध्येच केला होता. माझा खरा प्रश्न असा, की पाणी, मलनिस्सारण व साथनियंत्रण यांविषयीची कलमे स्थानिक संस्थांच्या कायद्यांतून काढून नव्या अधिनियमात न्यावीत, की ती तिथेच ठेवून केवळ व्याख्या, नोटिशीची पद्धत आणि दंड एकसारखे करावेत? पहिल्या मार्गाने पालिकांचे अधिकार आकसतील, अशी मला भीती वाटते.

आरोग्य खात्यात किंवा पालिकेत प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांनी, अंमलबजावणी नेमकी कोणत्या तरतुदीपाशी अडते, हे कृपया कळवावे. तमिळनाडूच्या कायद्याचा अनुभव कोणाला असल्यास तोही हवा आहे.